म्हातारी नव्या घरात गेली ती हकीगत

धाकट्या, आक्काचा आशीर्वाद घे. तुझी पाठ आता कशी आहे ते सविस्तर कळव, पण औषधांची नावं लिहू नको, मला ती वाचता येत नाहीत. तुझ्या बायकोला म्हणावं, आठवण काढते. मी धडधाकट आहे. उगाच काळजीचे फोन करू नका, कामात व्यत्यय येतो.

इथे हत्तीखान्यात नुसता गोंधळ चाललाय. आमच्या प्राणिसंग्रहालयानं हत्तींना नवं घर बांधलं, हे तुला मागे कळवलंच होतं. घर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. उंच छत, पायाखाली रबर, दारं बटणावर सरकतात. हत्ती आत असताना माणसानं आत जायचं नाही, गजांच्या अलीकडूनच खायला द्यायचं. (हे बरं केलं. माझी दोन बोटं दारात चिरडली ती हत्तीमुळे नाही, दार ओढणाऱ्या माणसामुळे.) आमच्या हत्तिणी पाच. चार तरण्या, एक म्हातारी. म्हातारी पुढे झाल्याशिवाय बाकीच्या पाऊल उचलत नाहीत. आणि ती रोज दारापर्यंत जायची, रबरावर पाय दाबून बघायची आणि मागे फिरायची. नऊ दिवस हेच.

साहेबांनी काय काय नाही केलं! केळी ठेवली, कलिंगडं ठेवली (तिनं बाहेर उभं राहून सोंड लांब करून सगळी खाल्ली, चांगली अंगानं भरली), गाणीसुद्धा लावली. शेवटी म्हणाले, शनिवारी जुनं घर पाडायचंय, तोवर ही गेली नाही तर हिला ट्रकमध्ये घालून दुसऱ्या शहरात पाठवू, मग बाकीच्या येतील मुकाट. म्हणजे एकटीला. या चौघी तिच्या पोटाखाली वाढल्या रे. मला हसू येईना, आणि रडायची मला सवय नाही.

आज शुक्रवार. सकाळी बघते तर साहेबांनी नवं घर परत औषधाच्या पाण्यानं धुऊन घेतलेलं. पाचव्यांदा! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण दारावरची पाटी वाचतो, ती नाकानं वाचते. इथे वाचायला ठेवलंय काय, तर फिनेल. मी हातगाडी घेतली. जुन्या घरातली वाळू, तुडवलेलं गवत, पाचही जणींची लीद, आठ खेपा करून सगळं त्या चकचकीत रबरावर पसरलं. साहेब धावत आले, "आक्का, अहो हे काय करताय?"

म्हटलं, "सामान हलवतेय."

म्हातारी आली. सोंड जमिनीला लावून कितीतरी वेळ हुंगत राहिली. एक पाय टाकला. दुसरा टाकला. मग मागे वळून पोटातल्या पोटात अशी गुरगुरली की माझ्या छातीत ऐकू आलं, आणि चौघी एकीमागून एक आत. साहेबांनी बटण दाबून दार लावलं. मी हातगाडी घट्ट धरून उभी होते.

झालं, इतकंच. एवढा तमाशा करायला नको होता तिनं. वय झालं की दाखवतील त्या जागी गुमान जावं.

तुझी आक्का

ता. क. जुन्या घराला टेकून माझी खोली आहे, तीही येता सोडून पुढच्या सोमवारी पाडणार, हे लिहायचं राहिलं. लेकीनं तिच्या घरी चौथ्या मजल्यावर मला खोली करून दिली आहे. खोली चांगली आहे. मी तीनदा दारापर्यंत जाऊन आले. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. (दुखत नाहीत. तिथे लिफ्टही आहे.)

आणखी एक. त्याच्या आदल्या रविवारी ये, पाठ दुखत असली तरी ये. तुझ्याकडे आईची गोधडी आहे ती आण, आणि माझ्याआधी वर नेऊन टाक. धुऊ नको.