एकमताच्या विरोधात मी एकटा

सोमवार, ३ फेब्रुवारी
लेकीच्या, ईशानीच्या शाळेत मॉक ट्रायल, म्हणजे खोटा खटला. काल्पनिक देशातला गाजलेला खून. आरोपी परदेशी ड्रायव्हर, ईशानी त्याची वकील. तो सुटला तर तिची टीम अल ऐन शहरात फायनलला. ज्यूरीत बारा पालक हवेत, सगळ्या वंशांचे. निकाल एकमतानेच. वकिलाचा बाप ज्यूरीत कसा, असं बायकोने, अनुराधाने विचारलं. मी म्हटलं, टीचरना बारावा मिळत नाहीये. ईशानी म्हणाली, बाबा, प्लीज डोंट. लाजाळू आहे पोर.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
बारांत सात इंडियन, त्यातले दोन ठाण्याचे. म्हणजे डायव्हर्सिटीची सगळी जबाबदारी माझ्यावर. वंशभेदावरचा व्हिडिओ लावला. झोप लागली, पण मुद्दा समजला.

रविवार, ९ फेब्रुवारी
ज्यूरीचा अंदाज बांधला. इजिप्शियन इंजिनियर हट्टी, केनियन नर्स भावूक. चिपळूणच्या रुकय्याभाभी आपल्याच, त्या माझं ऐकणार. माणसांची पारख मला उपजतच.

शनिवार, १५ फेब्रुवारी, दुपारी
ईशानी काय बोलली! डोळे भरून आले. मग ज्यूरी केमिस्ट्री लॅबमध्ये. पहिल्याच फेरीत ‘निर्दोष’साठी अकरा हात वर. इतक्या स्वस्तात? लोक सेटिंग म्हणतील. लेकीचा विजय घासून झाला पाहिजे. आधी विरोध करायचा, ताणायचं, शेवटी विरघळायचं. रुकय्याभाभी म्हणाल्या, भाऊ, हात वर करा नि खलास करा. मी उभा राहिलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बोललो. गाडीची किल्ली, रक्ताचा डाग, ड्रायव्हरची थाप. असा सूर आयुष्यात लागला नव्हता. इजिप्शियन म्हणाला, हबीबी, यू आर राइट. नर्सने घड्याळ पाहिलं, तिची ड्युटी होती. रुकय्याभाभी म्हणाल्या, घरी पाहुणे आलेत, तुमचंच खरं. मी विरघळायच्या आत अकरा हात वर. दोषी!
थांबा, माझं मत बदललंय, असं मी ओरडलो. परत बसायला कोणी तयार नाही. ठाण्याच्या एकाने निकाल टीचरना देऊनही टाकला.

रविवार, १६ फेब्रुवारी
इतक्या वंशांच्या माणसांना एकट्याने एकमतावर आणलं, हे घरात कोणी लक्षातच घेत नाही. अनुराधा म्हणाली, जन्मात पहिल्यांदा लोकांनी तुमचं ऐकलं, तेही पोरीच्या मुळावर.
ईशानीची टीम बाहेर. नाश्त्याला तिने विचारलं, बाबा, डिड यू रिअली थिंक ही डिड इट?
नाही, म्हटलं.
ती म्हणाली, देन व्हाय?
मी आणखी पोहे वाढून घेतले.