खडखडणारी इटालियन

सोलापूर

प्रिय हृष्या,

फोन उचलत नाही म्हणून तू महानंदापाशी मला ज्या शिव्या दिल्यास, त्या तिने जशाच्या तशा पोचवल्या, वर एक कानडी शिवी स्वतःच्या पदरची घालून. तेव्हा म्हटलं, कागदच काढावा. पण बसून लिहायचं म्हणजे संकट आहे बे. दुपारपासून बसतोय आणि उठतोय. उठलो की गोडाऊनपर्यंत जातो, शटर वर करतो, गाडीवरची चादर काढतो, परत घालतो आणि घरी येतो. हल्ली एका जागी बूड टेकत नाही. महानंदा म्हणते, तुम्हाला भिंगरी लागलीय, आणि तिचं काही चुकत नाही.

आधी तुझ्या निरोपाचं. पुण्याचं तुझं ते गिऱ्हाईक येत्या रविवारी टेम्पो घेऊन येणार आणि आपली इटालियन मोटरसायकल, डुकाटी, घेऊन जाणार. गाडी दोघांची असली तरी कागद माझ्या नावावर, म्हणून सही मी करायची. तुझं म्हणणं असं की आपण पन्नाशी ओलांडली, त्या वाकड्या हँडलवर दोघांच्याही पाठीचं भजं होतं, गाडी वर्षातून चार वेळाही बाहेर निघत नाही, मग त्या माणसाकडे काचेच्या खोलीत, एसीत, नीट तरी राहील. काचेत ठेवायला ती काय लोणचं आहे का? मला राग आला, खोटं कशाला सांगू.

तुला आठवतं का, आपण ती कशी आणली? आमचे कांद्याचे ट्रक हैदराबादला भरून जायचे आणि रिकामे परतायचे. तिथल्या एका गोडाऊनमध्ये पोत्यांखाली ही पडली होती, लाल रंगावर बोटभर धूळ आणि टाकीत उंदराचं घर. तू तेव्हा नुकताच चिंचोळीच्या एमआयडीसीत लागला होतास आणि मी वडिलांच्या, अप्पांच्या हाताखाली मार्केट यार्डात. रिकाम्या ट्रकात दोरखंडाने बांधली, तरी तुझा विश्वास बसेना, म्हणून हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग असा सगळा रस्ता तू तिला मिठी मारून उभा होतास. उतरलास तेव्हा तुझी पोझ तशीच राहिली होती. मग महिनाभर तू आणि मी पुस्तकातली चित्रं बघत कार्ब्युरेटर उघडत बसलो. सुरू झाली तेव्हा अप्पा बाहेर आले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, आत खडे पडलेत, आधी ते काढा मग गावात मिरवा. त्यांना किती सांगितलं की हिचा क्लच तेलात बुडालेला नसतो, कोरडा असतो, उभी असली की खडखडणारच. त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. यार्डातले हमाल अजून तिला खड्यांची गाडी म्हणतात.

खोड्या तरी किती. साइड स्टँडवरचं वजन जरा हललं की स्टँड आपोआप वर, आणि गाडी आडवी. नव्या पेठेत वळवायची तर हँडल इतकं कमी फिरतं की पुढंमागं करता करता मागच्या रिक्षावाल्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करावा. एप्रिलमध्ये आपल्या उन्हात इंजिनावर मांड्या शेकतात. इंजिनात दोन रबरी बेल्ट आहेत, ते गाडी चालवा नाहीतर झाकून ठेवा, वय झालं की बदलावेच लागतात. एवढं करून हातात काय, तर तुझ्या प्रियंकाच्या भाषेत नुसता शो. तुझ्याच म्हणतो, कारण पोरगी माझी असली तरी माझ्यापेक्षा तुझंच जास्त ऐकते.

दिवाळीत तू त्याच कंपनीची नवी घेऊन गावी आलास. मोठ्या मनाने किल्ली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, जा, वळसंगपर्यंत जाऊन ये. किल्ली म्हणजे तरी काय, खिशात ठेवायची डबी. समोर टीव्ही. पावसाचा मोड वेगळा, गावातला वेगळा, मस्तीचा वेगळा. ब्रेक कितीही दाबा, चाक घसरत नाही. गिअर टाकायला क्लच नको. मी अक्कलकोट रोडला लागलो आणि ती अशी पळाली की वळसंग कधी आलं कळलं नाही. तिथे एक चहा घेतला आणि परत आलो. तू विचारलंस, कशी आहे, आणि मी म्हणालो, लई भारी. तुझं तोंड पडलं, कारण तुला माझा खोटा लई भारी ओळखू येतो. गाडीत वाईट काहीच नव्हतं रे. तिला माझी काही गरजच नव्हती, एवढंच. माझ्या जागी कांद्याचं पोतं ठेवलं असतं तरी ती वळसंगला जाऊन सुखरूप परतली असती.

आपलीवर तसं होत नाही. एक सिलिंडर ठोका देतो, मग जरा थांबणं, मग दुसरा. इंजिनाचे फेरे चार हजारावर गेले की आरसे थरथरतात, मागचं काही दिसत नाही, आणि पाच हजाराला सगळं एकदम शांत होतं, ते पहिल्यांदा झालं तेव्हा आपण दोघं किती हसलो होतो. चाकाखाली डांबर कोणतं, खडी कोणती, हे मनगटाला कळतं. तिला चुकीच्या गिअरमध्ये वळणात घातलं तर ती तिथल्या तिथे झापते. माझी बायको आणि ही गाडी, दोघींनीच मला आयुष्यात तोंडावर खरं सांगितलं. तळहात टाकीवर ठेवला तरी मला आत काय चाललंय ते समजतं, निदान आत्तापर्यंत समजायचं.

इकडची बातमी म्हणशील तर यार्डात आता कांद्याच्या बोलीला प्रियंका उभी राहते. व्यापारी आधी नाक मुरडत होते, आता तिला वचकतात. मी मागे वजनकाट्यापाशी बसतो आणि मान हलवतो. लग्नाकार्यालाही जात नाही. मैंदर्गीच्या लग्नात अण्णाराव जवळ येऊन काही सांगत होते, मी हसून म्हणालो, बरं झालं, उत्तम झालं. महानंदाने असा चिमटा काढला की काळंनिळं झालं. त्यांचा धाकटा भाऊ गेल्याचं सांगत होते ते. घरी येताना मी कारमध्ये रडलो. महानंदा माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसली, तेवढं बरं केलं तिने.

आणि आता आपल्या डुकाटीत नवीन आवाज आलाय. महानंदा सांगते, खडखडाटात किर्र असं काही मिसळलंय. प्रियंका म्हणते, नाही, शिट्टी आहे, बारीक. यार्डाच्या गेटवरचा बिरुदेव मेस्त्री आणला, तो बिचारा स्प्लेंडर आणि ट्रॅक्टरचा माणूस, खाली बसून बघत राहिला आणि म्हणाला, समदंच वाजतंय की मालक, कुटलं म्हणून सांगू? क्लचच्या प्लेटा झिजल्या असतील तर काही बिघडत नाही. पण बेल्टच्या पुलीचं बेअरिंग जात असेल तर बेल्ट तुटेल, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील आणि इंजिन संपेल. म्हणून सुरू करून लगेच बंद करतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानामागच्या हाडाला, तू शिकवलं होतंस तसं. मूठ दातात धरूनसुद्धा बघितली. थरथर लागते, पण ती कशाची ते उमगत नाही. परत चादर घालतो.

हृष्या, फोन मी रागाने टाळत नाही. मला ऐकू येत नाही. डावा कान केव्हाचा मंदावला होता, मागोमाग उजवाही निघालाय, डॉक्टर म्हणतात नस वाळली, औषध नाही. मशीन लावलं तर भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं होतं, शब्द काही हाती लागत नाही. मला हे कळलं ते तुझ्या नव्या गाडीवर. आपलीवर हात, मांड्या, छाती, सगळे मिळून ऐकत होते, त्यामुळे इतके दिवस कानाचं काही अडलं नाही. तुझीवर काहीच थरथरेना, आणि वळसंगच्या अलीकडे एकदम लक्षात आलं की मागून आलेला ट्रक मला ओलांडून गेला आणि मला त्याचा हॉर्नही ऐकू आला नाही. मला भीती वाटते रे. घरात सांगितलंय, बाहेर तू पहिला. तेव्हा त्या गिऱ्हाइकाला रविवारी आणू नकोस, तू एकटा ये. मी गाडी सुरू करतो, तू ऐक आणि क्लच आहे की बेअरिंग ते सांग. हा आवाज ओळखणारा तुझ्याशिवाय सोलापुरात काय, जगात कुणी नाही. ऐकून झाल्यावरही तू म्हणालास विकू, तर तिथेच सही करतो, शब्द देतो. फक्त बोलताना माझ्यासमोर उभा राहा, सावकाश बोल, आणि येताना ती मिशी कापून ये. ओठ दिसले पाहिजेत मला.

तुझाच,
चन्नवीर