सारसाची बटणं डावीकडे

दवनीवाडा,
दि. १३ जानेवारी २०२५

चि. संघदीप यास नीलामावशीचा जय भीम आणि पाठीवरून हात. वि. वि. मी आणि माझी मशीन दोघी बऱ्या आहोत. तू अलकाकडे नवेगाव बांधला सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. तिच्याकडे तळ्याची ताजी मासळी असते, ती खात जा. राग पोटावर काढू नको. फोनवर मी बोलणार नाही, कारण पोलीस इथे ज्याचा त्याचा फोन मागून पाहून राहिले आहेत. म्हणून हा कागद. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं आहे. मला शाळा कोणी दाखवली नाही, दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाल.

मंगळवारपासून अख्ख्या गावाला एकच तोंड फुटलं आहे आणि त्या तोंडाची मला किळस आली आहे. रेतीघाटाचा चौकीदार शालीकराम सांजेला घाटावर लोखंडी रॉडने मारला गेला. हेमेंद्र रेतीवाल्याचे दोन ड्रायव्हर सांगतात, लाल टोपरं, राखी कोट, तो सारसच, आम्ही डोळ्यांनी पाहिला. झालं! चार वर्षं ज्याने बुडती पोरं बोडीच्या पाण्यातून काढली, एका उडीत अख्खी धानाची बांधी ओलांडून रेतीचे चोरटे ट्रॅक्टर अडवले, तो सारस एका सांजेत खुनी ठरला. ज्यांच्या मोटरसायकलींवर त्याचं चित्र होतं ते ब्लेडने खरडत बसले आहेत. पानठेलेवाल्याने ठेल्यावरच्या 'सारस' नावावर चुना फासला. याच्याच पोरीला तू बोडीतून काढलं होतं, तेव्हा महिनाभर हा सारसाच्या नावाने रडत होता. थू!

आणि तो हेमेंद्र. त्याच्या ट्रॅक्टरांना शालीकराम आडवा येत होता, तहसीलदारापुढे बोलणारही होता, हे साऱ्या गावाला ठाऊक. तरी मयताच्या घरी हाच सगळ्यांच्या पुढे. लाकडं त्याने आणली, पाण्याचे पाऊच त्याने वाटले, पोरकी झालेल्या भाचीच्या, तुझ्या समीक्षाच्या, डोक्यावर हात ठेवून तोच मोठ्याने रडला. त्याच्या हातचं पाणी मीही प्यायले. घरी येऊन ओकले.

सारस म्हणजे माझ्या मेलेल्या बहिणीचा पोरगा, दिवसा विजेच्या खांबावर चढणारा लाईनमन, हे तुला, मला आणि तुझ्या दोस्ताला, धनेंद्रला, एवढंच माहीत आहे. त्या सांजेला तुझा कोट उसवल्या खांद्याने माझ्या मशीनवर पडला होता आणि तू समोर चहा फुंकत होतास. पण मावशीची साक्ष कोण धरतो? घाटाजवळच्या झुडपात एक कोट सापडला म्हणे. तो ओळखायला २० तारखेला आसपासच्या सगळ्या शिंप्यांना ठाण्यात बोलावलं आहे. मी तिथे काय बोलू ते लवकर कळव.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नको.
तुझी,
नीलामावशी

•

नवेगाव बांध,
दि. १७ जानेवारी २०२५

ती. नीलामावशीस, संघदीपचा सा. जय भीम. वि. वि. पत्र मिळालं. अलकामावशी रोज मासळीचा रस्सा वाढते आणि प्रत्येक वाटीमागे लग्नाचं विचारते. मी वाटी तोंडाला लावतो, म्हणजे बोलावं लागत नाही.

मावशी, अंत्यविधीला मी समीक्षाच्या शेजारी उभा होतो. शालीकराममामानेच तिला वाढवलं, नर्सिंगला घातलं, हे तुला सांगायला नको. तिने माझं मनगट धरून सांगितलं की तो सारस हाती लागला तर मी त्याला स्वतः सुई टोचून मारीन, आणि तू मला साथ देशील ना, असं विचारलं. मी हो म्हणालो. मावशी, मी हो म्हणालो! तेव्हापासून मला या हातापायांचीच शिसारी येते. काल तळ्याच्या पाळीवर कोणी नव्हतं, सवयीने उडी घेतली, तर वर गेल्यावर खाली उतरावंसंच वाटेना.

आणि धनेंद्र! त्याच्या रीलमुळे सारस गोंदियाच्या पोराटोरांपर्यंत पोचला. खुनाला दहा दिवस झाले, त्याचा साधा निरोप नाही. त्याचं घर हेमेंद्रच्या घराला लागून आहे. त्याने मला विकलं असणार. पाचवीपासून एका बाकावर बसलेला माणूस असा निघतो.

माझं ऐक. कोट चुलीत घाल आणि ठाण्यात काही बोलू नको. सारसाचं नाव बदनाम झालं तर होऊ दे, संघदीपचं तर कोणी घेत नाही ना? तू बोललीस तर समीक्षाला कळेल की चार वर्षं मी तिला थापा मारल्या. शिवाय तो कोट, बायकी बटणांचा! धनेंद्रने पहिल्यांदा पाहिला तेव्हा महिनाभर मला सारसाची मादी म्हणत होता. आता साऱ्या जिल्ह्याने म्हणायचं का?

रागावलीस तरी माया कमी करू नको, एवढंच मागणं.
तुझा,
संघदीप

•

दवनीवाडा,
दि. २१ जानेवारी २०२५

चि. संघदीप यास जय भीम. आशीर्वाद या खेपेला मोजकेच. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. कोट नाही घातला.

काल ठाण्यात गेले. आम्ही तेरा शिंपी, त्यात मी एकटी बाई. टेबलावर तो कोट पसरला होता. लेका, मी जन्मभर ब्लाउज शिवले. माझा हात तसाच चालतो, बटणं डावीकडे, काजं उजवीकडे. तुझा कोटही त्याच ओघात शिवला गेला. चूक ध्यानात आली तेव्हा तू तो घालून पळाला होतास. टेबलावरच्या कोटाची बटणं उजवीकडे होती. पक्का जेन्ट्स टेलरचा हात. तुझ्या काखेत मी चौकोनी तुकडा जोडला होता, उडी घेताना हात वर जातात म्हणून. याला तो नाही. रॉड उगारायला हात वर गेला आणि काख टराटरा फाटली, तिथेच रक्त वाळलं आहे. दोऱ्यांची टोकं लोंबत होती, आतली पट्टी वाकडी. माणूस मारला त्याची आणि कापड मारलं त्याची, अशी दोन्हींची घाण एकदम वाटली. साहेबांनी विचारलं, हा तुम्ही शिवला का. मी नाही म्हटलं. खरं बोलले, बापा, आणि खोटं बोलून आल्यासारखी घरी आले.

मागच्या दाराने धनेंद्र आला. मी ठाण्यात गेल्याचं त्याला कळलं होतं. त्याने तुला विकलं नाही, पण जे केलं ते ऐक. तू रीलसाठी वेळेवर येत नव्हतास, म्हणून त्याने गोंदियाहून दुसरा कोट शिवून आणला, स्वतः घालून दुरून चित्रं काढायला. आपल्या दोस्ताला कोणी हसू नये म्हणून बटणं पुरुषासारखी लावायला सांगितली. एवढं प्रेम! पुढे हेमेंद्रने तो कोट मागून नेला, पुतण्याच्या शाळेतल्या नाचासाठी लागतो म्हणून. परत आला तो पोलिसांच्या हातात. हेमेंद्रने याला बजावलं आहे की कोट तुझा, तेव्हा फासही तुझ्याच गळ्यात येईल. हे सांगून पोरगा ढसाढसा रडला, आणि माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, मावशी, गप्प राह्य.

रडून झाल्यावर नेहमीसारखा त्याने पाण्याच्या गुंडावरचा गिलास उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. तुझ्या ताटात जेवून वाढलेलं पोर ते. नंतर मलाच कसंतरी झालं, पण गिलास परत दिला नाही.

आणि तू काऊन मागे राहशील? माणूस मेला, समीक्षाचं घर रिकामं झालं, खुनी तिच्या दारात रोज दूध पोचवून राहिला, आणि तुला बटणांची लाज! बोडीतून पोरं काढायला मी तुला शिकवलं नव्हतं, ते तुझं तू शिकलास. म्हणून मी कोट शिवला. लपायला नव्हता शिवला.

सोमवारी, २७ तारखेला, मी खरा कोट पिशवीत घालून ठाण्यात जाणार. कोणासाठी शिवला असं विचारतील. ते मी सांगणार नाही, तोंड तुलाही दिलं आहे. आलास तर दोघं जाऊ.

माया कमी होत नसते, फक्त सध्या ती रागाच्या खाली दबली आहे.
नीलामावशी

•

नवेगाव बांध,
दि. २४ जानेवारी २०२५

ती. मावशीस सा. जय भीम. वि. वि. सोमवारी येतो. पिशवी नको, कोट अंगात घालून चढेन ठाण्याच्या पायऱ्या.

त्याआधी रविवारी दुपारी समीक्षाकडे जाईन. तिला हे पोलिसांकडून कळायला नको. काय म्हणायचं ते तळ्यावर बसून पन्नासदा म्हणून पाहिलं. प्रत्येकदा पहिलंच वाक्य मोडून परत नव्याने जुळवतो, पुढचं नंतरची गोष्ट. तिने तोंडावर थुंकलं तर पुसणार नाही.

धनेंद्रचं वाचून राग यावा तसा आला नाही, नुसता वीट आला, त्याचा आणि माझाही. तो भितो आहे, आणि मी काय करत होतो इथे मासळी खात? पण तो बोलला नाही तर तुझी बटणं एकटी किती बोलणार?

सोमवारी भाकर जास्तीची टाक. ठाण्यातून केव्हा सुटेन ते माहीत नाही.
तुझा,
संघदीप

•

दवनीवाडा,
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. संघदीप यास नीलामावशीचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि. हे पत्र उद्या वकिलांच्या हाती देते. कारागृहातले साहेब ते आधी वाचतात म्हणे. वाचोत, त्यांनाही जय भीम.

त्या सोमवारी लोक हसले ते मी विसरणार नाही. तू मान खाली घातली नाहीस तेही. बटणांचं सांगितलं तेव्हा साहेबही हसले. एक महिला शिपाई होती, ती तेवढी हसली नाही. तिने दोन्ही कोट शेजारी ठेवले आणि काजांवरून बोट फिरवलं. पण साहेबांचं म्हणणं पडलं की एका माणसाला दोन कोट असू शकतात. तू आत गेलास, आणि मी जास्तीची भाकर परत घेऊन आले.

आता मागच्या आठवड्यातलं ऐक. तू रविवारी सांगितल्यावर समीक्षाने तुझ्या तोंडावर दार लावलं होतं ना? ती माझ्याकडे आली. बसली नाही. कोटाचं खरं कोणाला माहीत आहे, एवढंच विचारलं. मी धनेंद्रचं नाव सांगितलं. मग मला घेऊन ती त्याच्या अंगणात गेली. हेमेंद्र भिंतीपलीकडे आहे म्हणून मी हळू बोल म्हटलं, तर तिने आवाज आणखी चढवला. ओरडली नाही, शिवी दिली नाही. मामाचं अंग तिने स्वतः पुसलं होतं. डोक्याचं हाड कुठे आत गेलं होतं, कान कुठे होता, दातांत रेती किती होती, आणि बोटं कशी वळली होती, हे नर्स डॉक्टरला सांगते तसं एकेक करून सांगितलं. धनेंद्रची आई कानांत बोटं घालून आत गेली. धनेंद्र तुळशीजवळ ओकला. दोनदा. मग तोंड धुतलं, चपला घातल्या आणि तिच्या मागे चालू लागला. तिघंही बस धरून ठाण्यात गेलो.

त्याच्या जबाबावर गोंदियाचा टेलर सापडला. त्याच्या वहीत माप धनेंद्रचं, तुझं नाही. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी फुटले. हेमेंद्र आत आहे. तिथे तुझ्यासमोर आला तर त्याच्या अंगाला हात लावू नको. आपले हात घाण होतील.

वकील म्हणतात, गुरुवारी तू सुटशील. ही बातमी पसरली आणि काल सकाळपासून माझं अंगण भरलं. ब्लेडवाले आले. चुना फासणारा आला, ठेल्याला परत तेच नाव देऊ का विचारायला. कोणाला डीजे लावायचा आहे, कोणाला तुझ्या उडीचं फ्लेक्स. एकाने तर शाळेच्या कार्यक्रमासाठी पोरांना सारसाचे वीस कोट शिवून मागितले, आणि बटणं डावीकडेच पाहिजेत म्हणाला, आता तीच फॅशन आहे म्हणे. मी केर काढत होते, तसाच खराटा त्यांच्या पायांवरून फिरवला. तुझ्या नावाने शाल आणली होती ती एकाच्या खांद्यावर परत टाकली. शिव्या मोजल्या नाहीत. तुला मिरवणूक हवी असेल तर दुसऱ्या मावशीकडे उतर.

धनेंद्र रोज सकाळी येतो. आत येत नाही, विहिरीचं पाणी भरून ओट्यावर ठेवतो आणि जातो. परवा मी त्याला गिलास दिला. तो बराच वेळ हातात धरून उभा राहिला. तू काय करायचं ते तू पाहा. मी सांगणार नाही.

समीक्षा गुरुवारी गेटवर येणार नाही. मी विचारलं होतं, तिने साफ नाही म्हटलं. तो खुनी नाही एवढ्याने तो माझा होत नाही, असं म्हणाली. मला तिचं पटलं. पण जाताना वहीचं एक पान देऊन गेली, ते सोबत जोडते. त्यावर एकतीस तारखा आहेत. त्या त्या दिवशी लाईन गेली आहे, खांबावर आहे, असं सांगून तू तिला वाट पाहायला लावलंस आणि आला नाहीस. दर तारखेपुढे तिने एक ओळ कोरी सोडली आहे. तिथे खरं लिहायचं आहे. कोणाला पाण्यातून काढत होतास ते, आणि ज्या दिवशी नुसता कंटाळा आला होता, तेही.

आत पेन चालत नाही म्हणतात, म्हणून पेन्सिल पाठवते, टोक करून. खोडरबर मुद्दाम पाठवत नाही.

वाट पाहणारी,
नीलामावशी