शटर उघडण्याआधीचे नियम

नवापूर,
दि. ९ फेब्रुवारी १९९७

चि. प्रज्ञा हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझ्या नीलमवहिनीचे दिवस भरत आले आहेत. तिला ताकाशिवाय काही गोड लागत नाही, आणि माझ्या हातचं तर काहीच नाही.

सासऱ्यांना लकवा झाल्यापासून त्यांची परमिट रूम मी बघतो, याला दोन वर्षं झाली. तेवढीच वर्षं बाबांनी माझ्या घरचं पाणी घेतलेलं नाही. मलाही हा धंदा मिरवावासा वाटत नाही. पण चालवायचाच तर सरळ चालवू, असं ठरवून मी नियम लिहिले आहेत. ते पाटीवर रंगवून लावणार आहे. पंचवीस वर्षांखालच्याला द्यायची नाही, वाढणाऱ्यांनी प्यायची नाही, मोटरसायकलची किल्ली आधी गल्ल्यावर ठेवायची, झोकांड्या खाणाऱ्याला हात धरून स्टेशनवर सोडायचं. आणि पहिला नियम असा की, रोज शटर उघडण्याआधी मी आणि आमचे वाढपी धुडकूभाऊ, दोघांनी उभं राहून पंचशील म्हणायचं.

कागद सोबत आहे. बाबांना दाखव. त्यांनी वीस वर्षं मिलच्या रंगखात्यात नियमांवर माणसं सांभाळली, त्यांची नजर एकदा यावरून फिरली तर मला बरं वाटेल. आईला नमस्कार.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझा,
प्रदीपदादा

पांडेसरा, सुरत
दि. १६ फेब्रुवारी १९९७

ती. दादास,
प्रज्ञाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

दादा, तू शहाणा कधी होणार? शाळेत शिकवून आले, बाबांचा चहा झालेला पाहिला आणि कागद पुढे केला. पहिला नियम वाचूनच त्यांनी चष्मा काढला. दारू पिणार नाही, असं पाचवं शील म्हणायचं आणि पुढच्या मिनिटाला दारूचं शटर वर करायचं? असं विचारून ते विहाराकडे निघून गेले. आई म्हणाली, पोरगं चांगल्या मनानेच लिहितंय. मला तर हसू आवरेना. धुडकूभाऊ हात जोडून मद्यापासून दूर राहण्याची शपथ घेताहेत आणि मागे बाटल्यांची रांग! हे सुचायला आमचाच दादा लागतो.

कागद मात्र बाबांनी फाडला नाही. लोकेशकाकांच्या फोटोमागे ठेवला आहे. काका मिलमध्ये उकळत्या रंगाच्या टाकीत घसरून गेले त्याला बारा वर्षं झाली, पण त्या फोटोला अजून बाबांशिवाय कोणी हात लावत नाही. म्हणून मीही तो कागद काढला नाही.

वहिनीला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
प्रज्ञा

नवापूर,
दि. २२ फेब्रुवारी १९९७

चि. प्रज्ञा हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून लाज वाटली. चूक लगेच सुधारली. आता आम्ही पहिली चारच शीलं म्हणतो, पाचवं सोडतो. बाबांना कळव, म्हणजे त्यांचा राग जाईल.

आठवण ठेव, विनंती कशाला?
प्रदीपदादा

पांडेसरा, सुरत
दि. १ मार्च १९९७

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

राग गेला नाही, दुप्पट झाला. शील म्हणजे काय मेथीची जुडी आहे, नको ती काडी काढून टाकायला? असं त्यांनी विचारलं. दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत. मी नुसती टपालवाली, माझा काय दोष?

पण तिसऱ्या दिवशी तुझा कागद माझ्या वह्यांवर आणून ठेवला. पहिला नियम लाल पेन्सिलीने खोडलाय. तू जिथे जिथे ‘शक्यतो’ लिहिलंस, तो शब्द सगळीकडून काढलाय. रंगखात्यात ‘शक्यतो’ लिहिलं की माणूस भाजतो, असं म्हणाले. आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात एक नियम घातलाय: ‘पाळीवर जाणाऱ्याला देऊ नये. सख्खा भाऊ असला तरी.’ असं का लिहिलं ते मी विचारलं, तर म्हणाले, लिहिलंय तेवढं पाठव.

कागद परत पाठवते. सांभाळ, आणि रागावू नकोस.
तुझी,
प्रज्ञा

नवापूर,
दि. १३ मार्च १९९७

चि. प्रज्ञा हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी गोड बातमी. आठ तारखेला मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. नाक आईचं, आणि रडणं थेट तुझं.

दुसरी बातमी कडू आहे. गुजरातेत दारूबंदी, म्हणून काल आपल्या चाळीतले चिंधाभाऊ सकाळच्या गाडीने इकडे प्यायला आले होते. संध्याकाळी आठला त्यांची पाळी आहे हे मला ठाऊक. मी हात जोडून नाही म्हणालो. लहानपणी त्यांनी मला खांद्यावर बसवून मेळा दाखवलेला. ते भर दुकानात बोलले, की नागनाथच्या पोराला घरच्या माणसाची ओळख राहिली नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो, पण दिली नाही. ते आता चाळीत काय काय सांगतील कोण जाणे.

नामकरण तेवीस मार्चला, रविवारी आहे. नाव बाबांनी ठेवावं, ही माझी आणि नीलमची इच्छा आहे. ते आले नाहीत तर तेवीस तारीख मला फार जड जाईल. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

मला आपलं म्हणत राहा.
प्रदीपदादा

पांडेसरा, सुरत
दि. १७ मार्च १९९७

चि. प्रदीप यास,
नागनाथचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुला पत्र लिहून दोन वर्षं झाली.

चिंधा परवा दारात येऊन खूप बोलला. मी ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला. तो गेल्यावर तुझ्या आईला जे सांगितलं तेच तुला लिहितो. लोकेश टाकीत घसरला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. घसरला हे खरं. पण त्या सकाळी त्याच्या तोंडाला वास येत होता, आणि तो मला आला होता. त्याला घरी पाठवायचा अधिकार माझा होता. सख्ख्या भावाचा खाडा कसा मांडायचा, म्हणून मी त्याला टाकीवर उभा केला. मला नाही म्हणता आलं नाही. तुला आलं.

तुझा धंदा मला पटत नाही, उद्याही पटणार नाही. पण तेवीसला मी आणि तुझी आई येतो. प्रज्ञा आहेच. स्टेशनवरून सरळ घरी ने. तुझ्या घरचं पाणी पिईन. मुलीचं नाव मनात ठरलं आहे, ते तिच्याच कानात आधी सांगेन.

पाटी रंगवशील तेव्हा पहिल्या नियमाची जागा कोरी सोड. ज्या दिवशी हा धंदा सोडशील, त्या दिवशी मला बोलाव. तिथे पाचवं शील मी माझ्या हाताने लिहीन.

सुनेला आणि बाळाला आशीर्वाद. बापावर लोभ ठेव.
नागनाथ