ठकूची बरणी

१२ जुलै, शनि.
आज पुन्हा तेच. वरच्या मजल्यावरच्या नसीम बाजीच्या कुंडीतून कढीपत्ता तोडताना बोटाला काहीतरी मऊ लागलं. हिरवी अळी. ताटली फेकून पळाले, जिन्यात घसरले. घोटा टम्म. खाली फोडणी जळून काळी. प्र. ऑफिसातून आला तर मी पाय उशीवर ठेवून रडते आहे. तो हसला नाही. नवऱ्यानं हसायला हवं होतं, बरं वाटलं असतं.
बाजी बर्फ घेऊन आली. "वैशाली, एवढीशी जान ती. तिले तूच राक्षस दिसली असशील."
वय अडतीस.

१४ जुलै
धामणगावहून बाबांचा फोन. लिंबाच्या नव्या रोपांवर अळ्या. पानच शिल्लक ठेवत नाहीत. फवारणी करणार नाहीत, मधमाश्या मरतात म्हणून. हातानं वेचायच्या तर गुडघा वाकू देत नाही. "येशील का चार दिवस?" मी घोट्याचं सांगितलं. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.
नऊ वर्षांची असताना त्याच बागेत फ्रॉकच्या गळ्यातून अळी आत गेली होती. तेव्हापासून बागेच्या फाटकाच्या आत पाय नाही. बाबांनी एकदाही "कावून येत नाही?" म्हणून विचारलं नाही.

१६ जुलै
बाजीला म्हटलं, एक अळी दे मला. बरणीत घालून. ती शिलाई थांबवून बघतच राहिली. "सच्ची?"
लोणच्याची रिकामी बरणी, वर तिच्याकडचा मलमलचा तुकडा, रबर. आत छोटीशी काळी-पांढरी अळी. पाखराची शीट पडावी तशी दिसते. बरणी टीव्हीच्या टेबलावर, मी दाराजवळच्या खुर्चीत. दहा मिनिटं बसले.

१९ जुलै
पानं बदलणं प्र.कडे. आज तो घाईत विसरला. दुपारी बरणीत नुसते देठ, आणि ती देठाच्या टोकाशी डोकं इकडं-तिकडं फिरवतेय. उपाशी आहे हे कळलं आणि मग मला बसवेना. चिमट्यानं कोवळं पान आत सोडलं. रबर लावेपर्यंत श्वास घेतला नाही.
मग जवळ बसून पाहिलं. पानाच्या कडेनं खाते, वरून खाली, पुन्हा वरून खाली. आपण कणीस खातो तशी.
नाव ठेवलं. ठकू.

२३ जुलै
ठकू कात टाकून हिरवीगार झाली. टाकलेली कात स्वतःच खाल्ली. प्र. म्हणे, "काटकसरी आहे, तुझ्यावर गेली."
आज बोट लावलं. पाठीला, एकदाच. कानाच्या पाळीसारखी मऊ. तिनं डोक्यामागून दोन लाल शिंगं काढली. कसला तरी कुजल्या लिंबासारखा वास. मी मागे सरले तशी शिंगं आत गेली. म्हणजे तीही...
दिवसभर डोक्यात तेच.

२८ जुलै
परवापासून खाणं बंद. काडीला चिकटून बसलीय, कमरेभोवती बारीक धागा. हलत नाही. वाटलं मेली. बाजीला हाक मारली. ती म्हणाली, "मेली नाही, कोष करून राहिली. रडू नको."
रडत होते, हे मला माहीत नव्हतं.

६ ऑगस्ट
सकाळी कोष फाटलेला. बाहेर ओलं, चुरगळलेलं काहीतरी. तासाभरात पंख सरळ झाले. काळे, पिवळ्या ठिपक्यांचे, मागे लाल डाग. कापड काढलं तरी उडेना. बोट पुढं केलं, चढली. पाय केसांसारखे. तशीच गच्चीवर नेली. बाजी, प्र. आणि मी उभे. आमच्या जठारपेठेच्या गच्च्यांवरून गेली.
आल्यावर बरणी धुवायला घेतली, धुववेना.
बाबांना फोन. "येते परवा. बागेत." ते नुसतं "बरं" म्हणाले. फोन मात्र ठेवेनात.

८ ऑगस्ट, धामणगाव
गेले फाटकाच्या आत. बाबा खुर्ची टाकून रोपं दाखवत होते, मी अळ्या डब्यात टाकत होते. उघड्या हातानं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तू येनार असली का घरापुढच्या झाडावरच्या अळ्या मी दोन दिवस आंधीच वेचून टाकत होतो. तुह्या आईलेबी सांगतलं नोतं."
एकोणतीस वर्षं. मी मान वर केली नाही. वेचत राहिले.
मग त्यांनी साबणाच्या पाण्याची बादली सरकवली. "टाक यात."
डब्यात एकतीस होत्या. काही अगदी ठकूएवढ्या.
"नाही टाकत."
"मंग का करशील त्यायचं?"
"घरी नेते."
बाबांनी बादली बाजूला सारली. "आंधी भेत होती तेच सोपं होतं माय," म्हणाले, आणि इतके हसले की खोकला आला.

९ ऑगस्ट, अकोला
गाडीत डबा मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, चिवडा आहे का. नाही म्हटलं.
प्र.नं दार उघडलं, डब्यात डोकावला आणि माळ्यावरच्या बरण्या काढायला गेला. बाजीचा कढीपत्ता तीन दिवसांत संपेल. ती म्हणते, लिंबाच्या फांद्या कुठून तरी आणू.
संध्याकाळी बाबांचा फोन. दक्षिणेकडच्या ओळीत आणखी निघाल्यात. पुढच्या शनिवारी जमेल का.
येते म्हटलं. आणि माळ्यावरून आणखी मोठा डबा काढून ठेवला.