हसणाऱ्या फ्रिजची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली नसताना आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी स्मरणशक्ती उत्तम असल्याचे त्यांनी लिहिले आहे; काहींना ते गैरसोयीचे वाटेल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

माझे पती मागच्या वर्षी गेले. यापुढे या दस्तऐवजात त्यांचा उल्लेख "हे" असा येईल. वकिलांनी नाव घालायला सुचवले होते. पण हयातभर ज्यांना नावाने हाक मारली नाही, त्यांना आता मारली तर ते दचकतील.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे गॅरेज, माझा मुलगा आणि सून यांना समान हक्काने मिळावे. गॅरेजमध्ये मोटार कधीच नव्हती. तिथे ह्यांनी पिक्चर काढले. भिंतीवर उडालेला लाल रंग अजून आहे. तो रंगच आहे, हे घर बघायला येणाऱ्यांना आधीच सांगावे.

कलम २. शिवणयंत्र सुनेला द्यावे. ती इस्पितळात परिचारिका आहे, टाके घालायची तिला सवय आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. घरात मोठ्याने न बोलता काम करणारी आता तीच उरेल.

कलम ३. बँकेत जे शिल्लक असेल त्यातून आधी गॅरेजचे छप्पर दुरुस्त करावे. उरेल ते मुलाचे. त्याने त्यातून नवा फ्रिज घेऊ नये. घरातला चालतो आहे. दुकानात सवलत मिळते, हे फ्रिज घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

कलम ४. ह्यांच्या तिन्ही पिक्चरच्या रिळांबद्दल. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण पुढचे सगळे यावर आहे.

हे घरगुती यंत्रांच्या दुकानात फ्रिज विकत असत. चांगले विकत असत. एका संध्याकाळी घरी आले ते चपला न काढताच बोलू लागले.

"आज एक बाई दुसरा फ्रिज घेऊन गेली. पहिला चांगला चालतोय तिचा."

मी म्हटले, "मग?"

"भरलाय म्हणे. मी विचारलं, बाई, रिकामा करा की. तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच भूत आहे."

त्या बाईवरून ह्यांनी "एकावर एक भूत" लिहिला. एक कुटुंब सेलमध्ये फ्रिज घेते, त्याच्याबरोबर एक भूत फुकट मिळते. फ्रिजला भूक लागते. तो आधी भाजी खातो, मग मांजर, मग सासरे. घरचे लोक फ्रिज परत करत नाहीत, कारण सेलचा माल परत घेत नाहीत. उलट त्याला खायला अजून खरेदी करतात. शेवटी घरात कुणी उरत नाही आणि दाराशी शेजाऱ्यांची रांग लागते, कारण एवढ्या जणांना पोटात घेणारा फ्रिज म्हणजे आत जागा ऐसपैस असणार.

पहिला खेळ भाड्याच्या सभागृहात झाला. लोक हसले, किंचाळले, एका माणसाची खुर्ची मोडली. हे दाराशी उभे राहून हात जोडत होते. तेवढ्यात एका जोडप्याने ह्यांना बाजूला घेतले आणि विचारले, "साहेब, हा फ्रिज कुठे मिळतो? केवढ्याला पडेल?" त्यांच्यामागे आणखी चौघे थांबलेले. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, तो माणसं खातो!" हे म्हणाले. त्यावर ती बाई म्हणाली, "ते पिक्चरमध्ये हो. पण दिसायला छान आहे."

घरी येईपर्यंत हे एकच वाक्य म्हणत होते. "मी यांना घाबरवलं, आणि हे मला भाव विचारतात." मला तेव्हा हसू आवरले नाही. आजही आवरणार नाही.

दुकानाचे मालकही त्या खेळाला आले होते. पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हणाले, "पिक्चर फारच छान. उद्यापासून दुकानात येऊ नका." त्यानंतर घर माझ्या यंत्रावर चालले आणि ह्यांनी आणखी दोन पिक्चर काढले. "हप्त्यावरचा मुडदा" लोकांना आवडला. तिसऱ्याबद्दल मी काही लिहीत नाही. त्यात माझ्या सगळ्या चादरी गेल्या.

तिन्ही पिक्चरची रिळे माझ्या नणंदेला द्यावीत. घरी आलेल्या कुणालाही त्या पिक्चर संपेपर्यंत उठू देणार नाहीत, याची मला खात्री आहे. कुणी मागितल्यास पिक्चर फुकट दाखवावा, पण पूर्ण दाखवावा.

कलम ५. वन्संनी तिन्ही पिक्चरमध्ये भुताचे काम केले. त्यांचे तीन पायघोळ झगे मी शिवले आहेत, तेही त्यांनाच मिळावेत. पांढरा झगा कमरेत दोनदा सैल करून दिला होता. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचं माप चुकलंय." वन्सं, माप बरोबर होते.

कलम ६. पिक्चरमधला फ्रिज गॅरेजमध्ये आहे. तो थंड होत नाही, म्हणूनच दुकानाने ह्यांना देऊन टाकला होता. मी त्यात कापडांचे तुकडे ठेवते. त्याच्या दाराच्या आतले दात शेजारच्या दंतवैद्य बाईंनी खऱ्या माणसांच्या साच्यांवरून करून दिले आहेत. कुणाचे साचे, ते त्या अजून सांगत नाहीत, पण पुढचे दोन रुंद दात मला दुकानाच्या मालकांचे वाटतात. बाई या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील सांगतात, म्हणून त्यांना मी काहीच देत नाही. फ्रिज मुलाला मिळावा. दात हलू लागले तर बाईंना बोलवावे, त्या येतील.

कलम ७. हे कलम मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. विषय फ्रिजच्या हसण्याचा आहे.

पिक्चर पाहिलेल्यांना ते हसू आठवत असेल. दार हळूच उघडते आणि आतून हसू येते. पिक्चरच्या नामावलीत "भुताचे हास्य" म्हणून वन्संचे नाव आहे. समारंभांत लोक त्यांना अजून हसून दाखवायला सांगतात. त्या दाखवतात. लोकांना वाटते, वयोमानाने आवाज बदलला.

ज्या दुकानातून ह्यांना काढले ते आता सहा मजल्यांचे आहे आणि माझा मुलगा त्याच्या जाहिरात विभागात आहे. ह्यांना ते खुपत असे, पण बोलत नसत. दोन वर्षांपूर्वी दुकानाने सेलच्या जाहिरातीसाठी ते हसू मागितले. हे मुलाला म्हणाले, "मी दुकानाला गिऱ्हाईक केलं होतं. आता दुकान मला करणार, आणि बिल तू फाडणार?" मुलगा उठून गेला. पुढे दोघे हवापाण्यावर बोलत राहिले. तशातच हे गेले.

मागच्या महिन्यात मुलगा आपल्या साहेबांना घेऊन पुन्हा आला. वन्सं होत्याच.

"आई, फक्त हसू हवंय. बाकी पिक्चर नको."

"बाकी का नको?"

"त्यात गिऱ्हाइकं मरतात गं."

"सगळी?"

"सगळी. सेलच्या जाहिरातीत बरं दिसत नाही ते."

साहेब वन्संना म्हणाले, "आजी, एकदा हसा ना." वन्सं पदर सावरून हसल्या. बिजागरीला तेल नसले की दार वाजते, तसे. साहेब हळूच मुलाला म्हणाले, "नको, जुनंच घेऊ." मी पाणी आणायला आत गेले.

निघताना मुलगा दाराशी मला म्हणाला, "मी शब्द दिलाय आई. हे झालं नाही तर मला परत खाली काउंटरवर पाठवतील." बापासारखाच उभा होता, एका पायावर भार देऊन. मी त्याला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. ह्यांचा नकार मोडायचा की मुलाचा शब्द, हे मला दारात उभे राहून ठरवता येईना. म्हणून बसून लिहीत आहे.

ते हसू वन्संचे नाही. माझे आहे.

त्या दिवशी गॅरेजमध्ये वन्सं भुताच्या वेषात फ्रिजमध्ये बसल्या होत्या. दार लागले ते उघडेना, झग्याचा घेर बिजागरीत अडकला. आतून आवाज यायला लागला, "वहिनी, दार उघडा! दादा, मला भूक लागलीय!" माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या मी कशाबशा हातात घेतल्या आणि खाली बसले. मी तशी हसणाऱ्यातली नाही. त्या दिवशी मात्र थांबताच येईना. ह्यांनी टेप चालू ठेवली होती. ओरडून वन्संचा घसा बसला, म्हणून ह्यांनी तेच हसू पिक्चरला लावले. नामावली मात्र आधीच लिहून झाली होती. मी म्हटले, राहू द्या. मुलाला हे आजवर सांगितले नाही. सांगितले असते तर तो म्हणाला असता, आई, हसून दाखव. आणि ह्यांच्यानंतर मला तसे हसू आलेले नाही.

वन्सं, तुम्ही नामावलीतले नाव काढू नका. पुढेही लोकांना हसून दाखवा.

तर माझी इच्छा अशी. पिक्चरमध्ये हसू कापून लावले आहे. पूर्ण टेप त्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, अस्तराच्या कापडात गुंडाळून ठेवली आहे. ती मुलाची. माझ्यामागेही दुकानाला हसू हवे असेल, आणि सेल तर दरवर्षी येतो, तर त्याने ते द्यावे, मी हो म्हणते. अट एकच. ते पूर्ण वाजले पाहिजे, जाहिरातीत आणि सहाही मजल्यांवर. माझे हसू जिथे संपत येते, तिथे टेपवर ह्यांचा आवाज आहे. हे म्हणतात, "अगं, पुरे! असं हसलीस तर फ्रिज कोण घेईल?"

एवढे वाक्य वाजले की ह्यांचा नकार दुकानापर्यंत पोहोचला असे मी समजेन, आणि मुलाचा शब्दही राहील.

साहेब वाक्य कापू म्हणतील. मुलाने कापू देऊ नये. त्यासाठी काउंटरवर जावे लागले तर जावे. त्याचे वडील तिथे उभे असत आणि घरी चांगल्या गोष्टी घेऊन येत.

दुकानाला देण्याआधी मुलाने टेप एकदा एकट्याने ऐकावी. ह्यांच्या वाक्यानंतर थोडा वेळ नुसती खरखर आहे. टेप संपली असे वाटते, पण बंद करू नये. खरखरीनंतर ह्यांचे हसू आहे. आधी दाबलेले, मग मोठ्याने, माझ्याबरोबर.

तेही कापायचे नाही.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला आणि त्यात बदल करण्यासारखे काही आढळले नाही. आम्हा तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार :
१. शेजारच्या दंतवैद्य बाई (सही)
२. सभागृहाचे प्रोजेक्टरवाले, निवृत्त (सही, हात थरथरतो, पण सही त्यांचीच आहे)

स्थळ : राहते घर, शिवणाची खोली
दिनांक : १४ मार्च २०१९