माप घेतल्याशिवाय

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

खड्-खड्-खड्, मग क्षणभर शांतता, मग पुन्हा खड्-खड्. आज सकाळी या आवाजाने जाग आली. उठून पाहतो तर शिलाई मशीन झाकलेलंच. पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज कानात राहिलेला, दुसरं काय!

तुला आठवतं ना, मी नवा मास्तर, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायचो? खाली त्याची मुलगी मशीन चालवायची. मी वर्गात शिकवायची कविता घोकायचो, ती पायाने ताल धरायची. ओळ चुकली की मशीन थांबायचं. बरोबर म्हणेपर्यंत सुरूच व्हायचं नाही. कधीकधी मी मुद्दाम चुकायचो, हे आज तुलाच सांगतोय.

तीच ही तुझी भावजय. यकृताच्या कर्करोगावरचा पहिला उपचार होऊन तीन आठवडे झाले. मांडीतून बारीक नळी घालून थेट गाठीत औषध सोडलं. पुढचे आठ दिवस ताप नि ओकाऱ्या. मी उशाशी बसून तापाची वही भरत होतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, गाठ आक्रसली आहे, पण अठरा तारखेला दुसरी खेप व्हायलाच हवी. ही म्हणते, झालं तेवढं पुरे. भांडून म्हणाली असती तर मीही भांडलो असतो. काल कविता म्हणताना मी दोन कडवी उलटसुलट केली. ती भिंतीकडे बघत राहिली. ताई, मला या गप्प बसण्याचीच भीती वाटते.

तुझ्या कोटासाठी तू पाठवलेलं करडं लोकरी कापड मशीनवर तसंच पडून आहे. रागावू नकोस.

तुझ्या मायेवर अजून हक्क सांगणारा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. कविराजास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्मा पुसून. तू तिला समजावत बसू नकोस. पन्नास वर्षांत एकदा तरी जिंकला आहेस का? तिला एवढंच सांग, की नणंदेच्या जुन्या कोटाची कोपरं फाटली आहेत आणि दुसऱ्या कुणाच्या हातचा कोट ती घालणार नाही. मापं कळवते: छाती छत्तीस, कंबर तीस. शेजारणीने लोकरीच्या धाग्याने घेतली.

मीच आले असते रे. पण माझे तीन जिने नि हे गुडघे! दोन वर्षांत फाटकापर्यंतही गेले नाही. तू वेळेवर जेव. तिची वही भरतोस, स्वतःकडेही बघ.

दोघांच्या काळजीने जागी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी मापं वाचून दाखवली. छत्तीस ऐकताच ही भिंतीकडून वळली! म्हणाली, ही मापं आमच्या लग्नातली आहेत, नणंदबाई तेव्हापासून टेपशी खोटं बोलताहेत. अंगावर माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा तिच्या वडिलांचा नियम. तरी कापड मागून घेतलं. पलंगावर पसरून बोटांनी चाचपलं. दहा मिनिटं बसली, ताई! मग घडी घालून म्हणाली, ठेवा परत, माप द्यायला कोण येतंय नि ट्रायलला मी असेन कशावरून. मी स्वयंपाकघरात जाऊन एकच कप तीनदा विसळला.

तीन दिवस उरले. काय करू ते मला

मध्येच बेल वाजली म्हणून उठलो होतो. हे पत्र आता टपालात टाकायची गरज नाही, पण अर्धं सोडवत नाही. दारात तू! एक हात कठड्यावर, दुसरा टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर, धापा टाकत. मी खुर्ची आणायला वळलो तर मागे ही उभी, गळ्यात टेप. तुला उंबऱ्यातच थांबवून म्हणाली, बसायचं नाही, हात वर करा, धापा नंतर टाका. बेचाळीस भरलं. मग माझ्याकडे न बघताच तिने सांगितलं, की हे तापाच्या वहीत लिहा, अठराला दवाखाना, पंचविसाला ट्रायल. आणि त्या दिवशी उलटी म्हटलेली दोन कडवी आता सरळ म्हणा.